घरच्या माणसाचे आभार

देवकीवहिनीच्या माहेरच्यांनी आणलेली साडी वहिनीच्या खांद्यावर टाकली, तेव्हा गोपिका दारातल्या चपला जोडीनं लावत होती. आईच्या तेरवीचं जेवण उरकलं होतं आणि आता सोयऱ्यांनी कपडे देऊन दुखवटा काढणं चाललं होतं. ताराचंददादाला सासुरवाडीचा शेला-टोपी, वहिनीला हिरव्या काठाची साडी. गोपिकेला कोण आणणार? लग्न झालं नाही म्हणून सासर नाही, आणि माहेर म्हणावं तर ते हेच, जरीपटका वस्तीतलं दोन खोल्यांचं घर.

मग दादा उभा राहिला. डॉक्टरांचे, शेजाऱ्यांचे, अगदी मंडपवाल्याचेही त्यानं हात जोडून आभार मानले. गोपिका हातातली चप्पल तशीच धरून ऐकत राहिली. आठ वर्षं तिनं आईचं अंग पुसलं होतं, मऊ भात भरवला होता, चांगला चालणारा शिवणाचा क्लास बंद केला होता. पुढचं नाव आपलं असेल असं तिला वाटलं. दादा खाली बसला.

"बहिणीचं राहून गेलं न, जावईबापू," सासरे हळूच म्हणाले.

"घरच्या माणसाचे काय आभार मानता, मामाजी? परकं केल्यासारखं होते ते."

खोटं नव्हतं. त्याला मनापासून तसंच वाटत होतं. म्हणून तर गोपिकेला रागावताही येईना.

"मोकळी झालीस वं बाई आता," म्हणत बायका एकेक करून गेल्या. गोपिका मागच्या खोलीत आली. आईच्या खाटेवर नुसती गादी आणि दोन उशा उरल्या होत्या. तिच्या कडेला ती बसते न बसते तोच शेजारच्या रुखमाबाई दारात उभ्या.

"आजच्या दिवशी विचारू नये, पण काय करू? आमच्या यायले दवाखान्यातून काल घरी आणलं. एक बाजू पुरी गेली लकव्यानं. डॉक्टर म्हणते दर दोन घंट्यानं कूस बदला. मले त उचलतच नाही वं."

"उचलायचंच नाही, काकू. तुमचीच कंबर जाईल."

"मंग? सत्तर किलोचा माणूस हाय. हलका फक्त कानाचा!"

गोपिका तेरा दिवसांत पहिल्यांदा हसली. ती सांगू लागली: ज्या अंगावर वळवायचं त्या बाजूला आपण उभं राहायचं, पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि अलगद आपल्याकडे ओढायचं; मग पाठीशी एक उशी, गुडघ्यांमध्ये एक. रुखमाबाई मान हलवत होत्या, पण डोळ्यांत नुसता गोंधळ.

"असं नाही समजत मले. करून दाखव."

दाखवणार कुणावर? गोपिकेनं खाटेकडे पाहिलं, पदर खोचला आणि स्वतःच आडवी झाली.

"धरा मले. घाबरू नका."

रुखमाबाईंनी तिचा गुडघा दुमडला. एक हात खांद्यामागे गेला, एक कमरेमागे. गोपिका सैल पडून राहिली आणि सावकाश कुशीवर वळली. पाठीशी उशी आली, गुडघ्यांमध्ये दुसरी. रुखमाबाईंच्या लुगड्याला फोडणीचा वास होता. त्यांचा खरबरीत तळवा पाठीवरून दोनदा फिरला, सुरकुती काढावी तसा.

"बरोबर हाय?"

गोपिकेनं गाल गादीला टेकवला.

"दुखलं काय वं?"

तिनं नुसती मान हलवली. गादीचा अभ्रा गालाखाली ओला होत चालला होता. रुखमाबाईंनी ते पाहिलं आणि हात उचलला नाही.

"गोपिकाताई," बाहेरून वहिनीची हाक आली, "पाहुणे निघून राहिले. चहा ठेवता का?"

गोपिकेनं उठायला कोपर टेकलं. पाठीवरचा हात जड झाला.

"तूच ठेव वं, देवकी," रुखमाबाई दाराकडे मान वळवून म्हणाल्या. "तिचा आत्ताच डोळा लागला."

गोपिकेनं डोळे मिटून घेतले.