आतल्या थरातला ट्रॅक

संध्याकाळी हीटर लावला की थोड्या वेळाने तात्यांच्या खोलीत तो वास यायचा, आणि तात्या उशीवर मान वळवून सुनेला म्हणायचे, "आला बघ."

वास त्यांच्या मुलाचा होता. सर्किट बोर्डांच्या कारखान्यात तो आणि त्याची बायको शेजारशेजारच्या टेबलांवर बसून बोर्डांची आखणी आणि चाचणी करायचे. तो घरी यायचा तेव्हा शर्टाला तापलेल्या बोर्डाचा वास असायचा. वडिलांचे पाय गार पडतात म्हणून हा हीटर त्याने स्वतः बनवला, आणि थंडी सरायच्या आत तापाचं निमित्त होऊन गेला. मागे उरले तात्या, सून आणि हीटर.

सून शिकलेली, भुताखेतांना हसणारी. पण दिवेलागणीला तिचेही पाय त्या खोलीकडे वळायचे. दाराशी ती खोल श्वास घ्यायची, पाठीमागे कोणीतरी चपला काढतंय असं वाटून अंगावर काटा यायचा, तरी मागे वळून बघायची नाही. बघितलं आणि कोणी नसलं तर, ही खरी भीती. असा वास कारखान्यात आला असता तर तिने आधी वीज तोडली असती. घरात मात्र बाईंनी अक्कल गहाण ठेवली होती.

एका संध्याकाळी वास उग्र झाला, डोळे चुरचुरले. तिने प्लग उपसला आणि हीटर उघडला. बोर्ड मधोमध करपला होता. नवऱ्याची आखणी संगणकावर काढून पाहिली आणि तिने कपाळावर हात मारला. प्रवाह नेणारा तांब्याचा ट्रॅक, म्हणजे पट्टी, बोर्डाच्या वरच्या थरात असेल तर त्याला हवा लागते, थोडा अरुंद असला तरी भागतं. आतल्या थरात तो कोंडून तापतो, तिथे तो चांगला दुप्पट रुंद हवा. याने रुंदी धरली वरच्या थराची, आणि मग बोर्ड वरून स्वच्छ दिसावा म्हणून ट्रॅक ढकलला आत. टापटिपीची हौस भारी! दुसऱ्यांची हीच चूक तो चेष्टा करत दाखवायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणखी थोडे दिवस हेच चाललं असतं, तर तात्या अंथरुणासकट पेटले असते.

तिने तात्यांना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, लाव परत, या वयात मला जळायची कसली भीती. मग मात्र ती चिडली.

"तात्या, तो येत नाहीये. त्याची चूक जळतेय."

"चूक तर चूक," तात्या म्हणाले. "त्याचीच ना?"

तिने रुंद ट्रॅकचा नवा बोर्ड आखला, करून आणला, बसवला, दिवसभर चालवून हात लावून पाहिला. संध्याकाळी तात्यांच्या पायाशी हीटर लावला. खोली उबदार झाली, वास आला नाही. तिने रोज दाराशी घ्यायची तसा खोल श्वास घेतला. आपणही त्याची वाट बघतोय हे लक्षात आलं आणि तिला रडू कोसळलं.

तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऊब छान आहे, पोरी," ते म्हणाले. "पण यात कोणी नाही."