एका चकचकीत व्हेंटिलेटरची कैफियत

मित्रांनो, अतिदक्षता विभागात खिडकीजवळ उभा असलेला जुना व्हेंटिलेटर तो मीच. ज्यांना स्वतःचा श्वास झेपत नाही, त्यांच्या छातीत मी नळीवाटे हवा भरतो. कारखान्यात मला तपासणारा माणूस म्हणायचा, याचा आवाज थेट माझ्या सासऱ्यांच्या घोरण्यासारखा आहे.

करोनाच्या लाटेत मला उसंत नव्हती. रोग्यांची फुप्फुसं भिजलेल्या स्पंजासारखी जड व्हायची. डॉक्टर त्यांना पालथं झोपवायचे आणि मी हवेचा दाब धरून ठेवायचो. कितीतरी जण माझ्यासमोर गेले. जे वाचले, त्यांत इथल्या सफाईच्या मावशी होत्या.

लाट ओसरली आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. मावशी मात्र मला रोज पुसायच्या, माझी वायर प्लगमधून काढून नीट गुंडाळून ठेवायच्या. इतकी माया मला कुणीच लावली नव्हती. पण वायर लावलेली असली तरच माझ्या पोटातली बॅटरी भरते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. रिकामी राहून राहून ती निकामी झाली. तपासणीला येणारा इंजिनीयर माझी चकाकी बघूनच परत फिरायचा. मला तोंड असतं तर त्याला चांगलं सुनावलं असतं.

मग एक शिंपीकाका आले. पुन्हा करोनाच, धाप थांबेना. नळी घालण्याआधी त्यांनी बायकोला फोनवर सांगितलं, "गिऱ्हाइकांना म्हणावं, थोडी कळ काढा. मी येतोय."

मी जिवाचं रान केलं. काका हळूहळू सुधारू लागले.

एका दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यासाठीच बॅटरी असते. मी जागच्या जागी बंद पडलो. सिस्टर धावत जाऊन हाताने दाबायची हवेची पिशवी घेऊन आल्या, पण दाब सुटताच काकांची फुप्फुसं मिटली होती. ती पुन्हा उघडली नाहीत. काका गेले.

कारण कळल्यावर मावशी डॉक्टरांना म्हणाल्या, "वायर मीच काढायचे. मशीन टिकावं म्हणून."

"आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं, मावशी," डॉक्टर म्हणाले.

त्या दिवसापासून मावशींनी मला हात लावलेला नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मित्रांनो, यंत्र वरून पुसता तसं आतूनही तपासत जा. आणि ज्यांच्या हाती ते सोपवता, त्यांना दोन गोष्टी नीट समजावून सांगा. माझी नवी बॅटरी दुसऱ्याच दिवशी आली. एवढंसंच काम होतं, ते काका असताना व्हायला हवं होतं.