बूच आहे ना?

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे. जेमतेम दोन माणसे मावतील एवढीच. तळ्याकाठच्या शेडमध्ये, डाव्या भिंतीशी, दोन लाकडी ठोकळ्यांवर मी पालथी पडलेली असते. माझे वय मात्र विचारू नका. तळाच्या अकरा फळ्यांपैकी मूळच्या चारच उरल्या आहेत, त्यामुळे ते मलाही नक्की सांगता यायचे नाही.

मला बांधणारा सुतार मोठा हुशार होता, पण त्याच्या गिऱ्हाइकाची हौस दोन उन्हाळ्यांतच फिटली. मग मी गवतात पडून राहिले. माझ्या पोटात बेडकांनी संसार थाटला. तिथून मला उचलले ते एका जोडप्याने. तो शिंपी आणि ती दातांची डॉक्टर. होडीतले दोघांनाही ओ की ठो माहीत नव्हते, पण रविवार मोकळे होते.

बाई बोटाच्या पेराने माझी फळी न फळी वाजवायच्या. आवाज पोकळ आला की तिथले कुजके लाकूड कोरून काढायच्या, जागा साफ करायच्या आणि मगच भरायच्या. कोरताना सवयीने मला सांगायच्यासुद्धा, "आता थोडंसं दुखेल हं." शिंपीबुवा माझे शीड शिवायचे. कापड फाटेल पण शिवण उसवणार नाही, असे त्यांचे टाके. तळ्यावरचे लोक ते टाके बघायला मुद्दाम यायचे आणि मी उगाच ताठ व्हायचे. शर्यतीत मात्र आमचा नंबर शेवटून पहिला, तो कधी चुकला नाही.

पाण्यात उतरताना त्यांची एक रीत होती. आत शिरलेले पाणी काढून टाकायला माझ्या मागच्या अंगाला, तळाशी, एक भोक आहे. त्याला बूच लागते. एकाने विचारायचे, "बूच?" दुसऱ्याने वाकून, अंगठ्याने दाबून बघायचे आणि म्हणायचे, "आहे." एकोणीस वर्षे यात खंड पडला नाही.

मग शिंपीबुवांचे गुडघे कुरकुरू लागले. इतरांच्या हलक्या, नव्या होड्या भुर्रकन पुढे जायच्या आणि ते बघून बुवांचे तोंड उतरायचे. ते मला विकायचे म्हणू लागले. बाई ऐकेनात. अखेर असे ठरले, की हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत पुन्हा शेवटचा नंबर आला, तर मला विकून टाकायचे.

त्यातच शर्यतीच्या चार दिवस आधी, बाई माझी एक फळी भरत असताना बुवा बोलून गेले, "कुजका दात किती वेळा भरशील?" बाईंना ते फार लागले. त्यांनी अबोला धरला. बुवांनीही धरला.

शर्यतीच्या सकाळी दोघांनी मला मुकाट्याने पाण्यात ढकलले. आधी बोलायचे कोणी? म्हणून "बूच?" असे कोणी विचारलेच नाही. मला सगळे कळत होते, पण मला तोंड कुठे आहे?

वारा झकास होता. पहिल्या वळणावर आम्ही चक्क दोन होड्या मागे टाकल्या. मी सुटले, असे मला वाटले. तेवढ्यात बाईंचे लक्ष पायांकडे गेले. पाणी घोट्यापर्यंत आले होते.

"अहो, बूच."

"तू लावलं नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही लावलं असेल."

चार दिवसांतले हे पहिले बोलणे. बाईंनी भोकावर टाच दाबून धरली. बुवांनी खिसे चाचपले. खिशात होते त्यांचे अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची ती लहानशी लोखंडी टोपी. रुमालाचा तुकडा गुंडाळून त्यांनी ते भोकात ठोकले आणि ते घट्ट बसले. मग एकाने डोक्यावरच्या टोपीने आणि एकीने जेवणाच्या डब्याने पाणी उपसायला सुरुवात केली. उपसता उपसता दोघांना हसू आवरेना. मागच्या दोन्ही होड्या शांतपणे पुढे निघून गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा बक्षिसे वाटून लोक चहा पीत होते.

ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी एक गवंडी मला बघायला आला. माणूस भला होता. मी त्याला आवडले. त्याने विचारले, "हिचं बूच कुठंय?"

"हरवलं," बुवा म्हणाले.

"त्यात काय, नवं आणू."

बुवांनी माझ्या तळाचे अंगुस्तान उपटले आणि मुठीत धरले. "दुसरं बसत नाही हिला. हेच लागतं. आणि हे माझं आहे, हे काही मी द्यायचो नाही."

बाई पाठमोऱ्या उभ्या राहून फळी वाजवत होत्या. त्यांचा हात थांबला. गवंडी गेल्यावरही त्या वळल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बूच?"

बुवा कुरकुरत्या गुडघ्यांवर खाली बसले. अंगुस्तान जागच्या जागी बसवून त्यांनी अंगठ्याने दाबून बघितले. "आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, भांडा हवे तेवढे, पण पाण्यात उतरण्याआधी एकमेकांना बुचाचे तेवढे विचारत जा. आणि एक गोष्ट आपल्यातच ठेवा. माझ्या त्या भोकात बाजारातले कुठलेही बूच बसते.