श्रावणात कोणती घेतली होती?

“मानूस वाईट नाई हो निवृत्तीभाऊ. ते देशी वाईट हाय,” हिंमतराव म्हणाले आणि बशीत चहा ओतून त्यांनी त्यावर फुंकर घातली.

सुलतानपुरात वामनरावांच्या घरी, पुढच्या खोलीत बैठक बसली होती. हिंमतराव गावचे माजी सरपंच, चाळीस एकरांचे धनी, म्हणून हाताची खुर्ची त्यांना. वामनराव आणि त्यांचा मुलगा गोकुळ दिवाणावर. मुलीचा बाप निवृत्ती प्लास्टिकच्या स्टुलावर. आतल्या दारात गोकुळची आई वच्छलाबाई पदर सावरत बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकून अपेक्षा उभी होती, निवृत्तीची एकुलती एक लेक. तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तीन वर्षांची छकुली आईच्या साडीत तोंड खुपसून उभी होती.

सोमवारी गोकुळनं तो हात पिरगाळून मोडला होता. घरच्या न्हाणीत पाय घसरला, असं अपेक्षानं दवाखान्यात सांगितलं. पण तिला दवाखान्यात नेणाऱ्या शेजारच्या गोजरबाईंनी तिथूनच निवृत्तीला फोन लावला होता, आणि त्या काही घसरण्याचं बोलल्या नव्हत्या.

गोकुळनं मान वर केली. चेहरा असा, की पाहणाऱ्याला दया यावी.

“मामाजी, माझ्या हातात नसते ते. बिअर घेतली तं मी गाने म्हनतो, विचारा कोनालेही. इंग्लिश घेतली तं गपचिप झोपतो. पन देशी घेतली का मी मी राहत नाई.”

वांगं बाधतं, ताक सोसत नाही, असं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. वामनरावांनी मान डोलावली. वच्छलाबाईंनीही डोलावली.

“तं मी असं म्हनतो,” हिंमतरावांनी बशी खाली ठेवली, “आजपासून देशी बंद. स्टँपपेपरवर लिहून देईन तो. घ्यायचीच झाली तं महिन्यातून दोनदा बिअर, तेही घरात बसून. अन् याच्यातलं तुमच्यापेक्षा जास्त कोनाले समजते? तेवीस वर्सं तुमी परमिट रूममंधी काढले. सांगा बरं, मी खोटं बोलून राह्यलो का?”

सगळे निवृत्तीकडे पाहू लागले. हिंमतराव जे बोलत होते, ते निवृत्तीचंच बोलणं होतं.

लोणारला एका परमिट रूममध्ये तो वेटर होता. शाळा आठवीपर्यंतची. पण गिऱ्हाइकांना बघून बघून त्यानं आपलं एक शास्त्र तयार केलं होतं. रमवाल्याला कोपऱ्यात बसवायचं, तो भांडण काढतो. व्हिस्कीवाला मेलेल्या बापाची आठवण काढून रडतो. व्होडकावाला बोलत सुटतो. बिअरवाला गरीब, त्याला कुठंही बसवा. शिकलेसवरलेले लोक, मास्तर, ठेकेदार, बँकेतले साहेब त्याला हाक मारून विचारत, “निवृत्ती, आज डोकं खराब आहे, काय घेऊ?” तो क्षणभर विचार केल्यासारखं करी आणि सांगे. लोक त्याला डॉक्टर म्हणत. तो लाजल्यासारखं हसे, पण त्या दिवशी घरी जाताना त्याची मान जरा ताठ असे.

अपेक्षाला गोकुळचं स्थळ आलं, तेव्हाही त्यानं तेच शास्त्र लावलं होतं. पोरगा पितो असं कानावर आलं. बायको जनकाबाई म्हणाली, नको. निवृत्तीनं चौकशी केली आणि सांगितलं, “फक्त बिअर घेते तो. बिअरवाला मानूस गरीब असते. माझ्यावर सोड.”

“तुमचं शास्त्र तुमच्या हाटेलात ठेवा,” जनकाबाई म्हणाली होती. “लेक काय टेबलावर बसवायची हाय?”

तो हसला होता. चार वर्षं झाली त्याला.

आता त्या स्टुलावर बसल्या बसल्या त्याला एक जुना प्रसंग आठवला. सोडा थंड नाही म्हणून एका ठेकेदारानं त्याच्या कानाखाली जाळ काढला होता. दुसऱ्या दिवशी तोच ठेकेदार खांद्यावर हात टाकून म्हणाला, “तो मी नव्हतो बे निवृत्ती, रम होती.” निवृत्तीनं ते मान्य केलं होतं. इतकंच नव्हे, तर पुढं कितीतरी लोकांना हा किस्सा त्यानं स्वतःच हसत हसत सांगितला होता. पण त्या दिवसाची एक गोष्ट त्यानं कधीच कुणाला सांगितली नव्हती, कारण ती त्याच्याच ध्यानात आली नव्हती. शेजारच्या टेबलावर साध्या कपड्यांत फौजदार बसले होते. थप्पड मारायला उठण्याआधी ठेकेदारानं त्यांना नमस्कार केला होता. त्यांच्या वाटेत येत होती म्हणून आपली खुर्चीही सरकवून घेतली होती. नमस्कार कुणाला करायचा आणि कानाखाली कुणाच्या वाजवायची, हे त्या रमला बरोबर कळत होतं.

निवृत्तीच्या कानशिलात रक्त भरून आलं. थप्पड जणू आत्ता लागली.

“सोमवारी देशी कुठं घेतली यायनं?” त्यानं विचारलं.

“माझ्याच वावरात,” हिंमतराव म्हणाले. “वावराच्या गेटाचं वेल्डिंगचं काम यानंच केलं ना. काम चांगलं झालं म्हनून मीच मागवली. चौघं होतो आमी.”

“तुमी बी घेतली?”

“घेतली थोडीशी. काऊन?”

“मंग तुमी घरी जाऊन कोनाचा हात मोडला?”

हिंमतरावांच्या हातातला रुमाल तोंडाशीच थांबला. वामनराव दिवाणावरून अर्धे उठले. “निवृत्तीभाऊ! कोनासंग बोलून राह्यले, जरा पाहा!”

“पाहूनच बोलून राह्यलो इवाई. एकाच बाटलीतली चौघायनं घेतली. तिघं घरी जाऊन जेवले अन् झोपले. चौथ्यानं माही पोरगी मोडली. बाटलीचा दोष असता तं गावात चार हात मोडले असते.” तो लेकीकडे वळला. “अपेक्षा, हे घरी आल्यावर काय काय केलं यायनं? पह्यल्यापासून सांग.”

अपेक्षानं सासूकडे पाहिलं, मग बापाकडे. इतक्या माणसांत तिला कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

“गाडी लावली,” ती म्हणाली. “बूट काढले, जोडीनं ठेवले. मंग खिडकी लावली. टीव्हीचा आवाज वाढवला. माहा मोबाइल घेऊन कपाटावर ठेवला.” ती थांबली. “मंग.”

वामनराव पुन्हा दिवाणावर टेकले.

“याच्या आधी?” निवृत्तीनं विचारलं.

“छकुलीच्या वाढदिवसाले. बिअर घेतली होती. पाठीत मारलं. त्याच्या आधी मित्राच्या साखरपुड्याहून आले. इंग्लिश होती. केस धरून...” ती छकुलीच्या डोक्यावरून डावा हात फिरवत राहिली. “अन् श्रावणात.”

“श्रावणात कोनती घेतली होती?”

प्रश्न निवृत्तीच्या तोंडून सवयीनं निघाला. टेबलाशी उभं राहून विचारावा तसा.

“श्रावणात घेत नाईत ना बाबा ते. महिनाभर एक थेंब नाई. साऱ्या गावाले माहीत हाय.” तिचा आवाज अगदी साधा होता. “तिसरा सोमवार होता. भगरीत मीठ कमी पडलं. उलथनं चुलीवर होतं.”

तिनं डावा हात उलटा करून पुढं केला. कोपराच्या खाली बोटभर लांबीचा काळपट डाग होता.

तो डाग निवृत्तीनं पोळ्याला पाहिला होता. ती माहेरी आली होती. कुकरची वाफ लागली म्हणाली, आणि त्यानं बर्फ आणून दिला होता. पंधरवड्याच्या डागाला बर्फ! जनकाबाई तेव्हा काही बोलली नव्हती. नुसती बघत राहिली होती, आधी डागाकडे आणि मग नवऱ्याकडे.

“उपासाचं पित्त होतं त्याले त्या दिवशी,” वच्छलाबाई घाईघाईनं म्हणाल्या. “दिवसभर पोटात काही नाई. पित्तात मानसाचं डोकं फिरतेच. तुमीही पुरुष हाय, तुमाले...”

निवृत्ती उठला. तेवीस वर्षांत तो कुणावर ओरडला नव्हता. ओरडणं त्याच्या कामात बसत नव्हतं. त्यामुळे आवाज कुठून आणि कसा काढावा हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं, आणि तो निघाला तेव्हा छकुली दचकून रडायला लागली.

“देशीत मारलं तं देशीचा दोष! बिअरीत मारलं तं कशाचा, उन्हाचा? अन् उपासात मारलं तं पित्ताचा! मंग याचा कधी? याचा दोष कधी निघन इहीनबाई? बाटली सांगता, पित्त सांगता, भगरीतलं मीठ सांगता, एकदा तरी याचं नाव घ्या ना! अन् मी? मीच मूर्ख! मीच सांगत हिंडलो साऱ्या दुनियेले, रम अशी अन् बिअर तशी. हे बोलनं मीच शिकवलं लोकायले. माह्याच पोरीवर उलटलं ते!”

त्याला धाप लागली. मग खालच्या आवाजात तो म्हणाला, “अपेक्षा, कपडे घे. छकुलीचे बी.”

अपेक्षा आत गेली आणि एका हातानं जमेल तेवढं पिशवीत भरून बाहेर आली. तेव्हा गोकुळ दिवाणावरून उठला. दयेचा तो चेहरा आता राहिला नव्हता. तो दारात आडवा उभा राहिला.

“तुले जायाचं तं जाय. छकुली कुठं जात नाई.”

त्यानं पोरीचं मनगट धरलं होतं. दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली होती. छकुलीचं रडणं एकदम थांबलं. तीन वर्षांच्या पोरीनं असं गप्प व्हावं, हे तिला कुणीतरी शिकवलेलं असणार.

“आत्ता सकाळचे अकरा वाजले,” निवृत्ती म्हणाला. “आज काय घेऊन बसले जवाईबापू?”

गोकुळची मूठ तशीच होती. हिंमतराव त्या मुठीकडे बघत होते. स्टँपपेपरची घडी त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी ती खिशात घातली.

“गोकुळ,” ते म्हणाले. “बाजूले हो.”

आणि गोकुळ बाजूला झाला. लगेच. पोरीचं मनगट सुटलं, मूठ उघडली, मान खाली गेली. शाळेतल्या पोरासारखा तो भिंतीला लागून उभा राहिला.

“पाह्यलं?” निवृत्ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला. “उघडते. उघडता येते त्याले.”

चहाची दुसरी फेरी आली होती, ती तशीच परत गेली.

पोलीस ठाण्यात दुपारची वेळ होती. पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. सुचिता नावाच्या हवालदार बाई टेबलामागे बसल्या होत्या. वयानं अपेक्षाहून थोड्याच मोठ्या. त्यांनी अपेक्षाला समोरच्या खुर्चीवर बसवलं, छकुलीला बिस्किटाचा पुडा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. मध्ये मध्ये तारखा विचारल्या. मग त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागल्या.

“...माझे पती यांनी दारूच्या नशेत मला...”

“ते खोडा,” निवृत्ती म्हणाला.

हवालदार बाईंनी वर पाहिलं. “काय खोडू काका?”

“दारूच्या नशेत. ते खोडा.”

“पण सोमवारी प्यायलेले होते ना ते? तुम्हीच सांगितलं.”

“होते. पन नशेत लिहिलं का अर्धा गुन्हा बाटलीच्या नावावर जाते मॅडम. उद्या ते म्हनतीन, आमी बाटली सोडली, आता पोरगी पाठवा. बाटलीले काय कोठडीत टाकनार हाय तुमी?”

“काका, सगळे असंच सांगतात. आम्ही असंच लिहितो. त्यानं केसला काही...”

“मॅडम,” अपेक्षा म्हणाली.

दोघंही थांबले.

“त्यायनं आधी खिडकी लावली. टीव्हीचा आवाज वाढवला. माहा मोबाइल वर ठेवला. मंग मारलं. श्रावणात तं घेतलेलीच नव्हती.” ती एकेक शब्द सुटा करून बोलत होती. “जसं झालं तसं लिहा.”

सुचिताबाईंनी लिहिलेल्या कागदाकडे पाहिलं. असे कागद त्यांनी किती लिहिले असतील कोण जाणे. मग त्यांनी तो बाजूला सारला आणि कोरा कागद पुढं ओढला.

“प्यायले होते, हे एका ओळीत वेगळं लिहिते,” त्या म्हणाल्या. “मारलं, ते वेगळं लिहिते. दोन्ही एकात घालत नाही. चालेल?”

“चालते,” अपेक्षा म्हणाली.

“सांगा मग. खिडकीपासून.”

अपेक्षा सांगू लागली. पेन कागदावर चालू लागलं. निवृत्ती टेबलाच्या कडेशी दोन्ही हात मागं बांधून, जरासा पुढं वाकून ऐकत होता. बराच वेळ झाला तरी तो तसाच होता.

“काका, बसा ना,” सुचिताबाई लिहिता लिहिताच म्हणाल्या. “खुर्ची आहे की.”

निवृत्तीनं खाली पाहिलं. खुर्ची मघापासून तिथंच होती. त्यानं हात मागून काढले, खुर्ची लेकीच्या शेजारी सरकवली आणि तो बसला.