साडेअठरा शर्ट

गठ्ठ्याचं तोंड शिवून झालं आणि मग आईच्या लक्षात आलं, की चिठ्ठी लिहायचीच राहिली. शर्ट एकूण चाळीस. पण त्यांत लहान किती आणि मोठे किती?

"आता उसवा परत!" भिंगरी म्हणाली. दिवसभर घरात गरागरा फिरते म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत.

"उसवायचं नाही." आई एवढं तोडून बोलली की भिंगरी जागच्या जागी थांबली. आईने लगेच आवाज खाली आणला. "चार वाजलेत. पाचला मुकादमबाई येतील. पुन्हा शिवायला वेळ कुठाय?"

मुकादमबाईंचा कायदा कडक होता. पांढऱ्या कपड्यांवर धूळ नको, म्हणून गठ्ठा तोंड शिवूनच द्यायचा. कारखान्यात शिवलेल्या शर्टांना काजं-बटणं करायचं काम आई घरी करायची. गेल्या खेपेला बटण नसलेले दोन शर्ट परत आले, तेव्हा मुकादमबाई दारातूनच म्हणाल्या होत्या, "आणखी एकदा असं झालं, तर काम दुसरीकडे जाईल हो." आईने दोराच कच्चा निघाला म्हणून सांगितलं होतं.

"न उसवता सांगते," भिंगरीने वही ओढली. मागच्याच आठवड्यात बीजगणिताने तिच्यापुढे शरणागती पत्करली होती आणि तेव्हापासून ती क्ष आणि य यांना घरच्या मांजरांसारखं वागवत होती. "लहान शर्टाला बटणं किती?"

"सहा. मोठ्याला आठ. कफांना एकेक जास्त असतं ना."

"डब्यात होती तीनशे. आता उरलीत..." तिने डबा चटईवर पालथा करून मोजली. "तेवीस. म्हणजे लागली दोनशे सत्त्याहत्तर. लहान क्ष, मोठे य. दोन समीकरणं, दोन अज्ञातं. काम खल्लास!"

"गणितीणबाई, जरा हळू. शेजारी ऐकतील."

पहिल्या समीकरणाला सहाने गुणलं, दुसऱ्यातून वजा केलं. दोन य बरोबर सदतीस. य बरोबर साडेअठरा.

"आई, तू अर्धा शर्ट शिवलायस का गं?"

आई हसली नाही.

भिंगरीने सगळं पुन्हा मांडलं. तेच. बटणं पुन्हा मोजली. तेवीसच. चटई झटकली, कपाटाखाली झाडू फिरवला. धूळ निघाली, बटण एकही नाही. सहा आणि आठ, दोन्ही सम. बेरीज विषम येईलच कशी? आकडेमोड बरोबर होती. मग बटणंच कुठेतरी चुकली होती.

तिने कात्री उचलली.

"नको," आई म्हणाली. या वेळी आवाजात धार नव्हती.

टाके भराभर तुटले. लहान निघाले वीस, मोठेही वीस. म्हणजे दोनशे ऐंशी बटणं हवी होती. तीन कमी! पहिला शर्ट लगेच सापडला. काजासमोर दोऱ्याची छान घट्ट गाठ मारलेली, वर बटणच नाही. दुसराही तसाच, कफावर. पांढरं कापड, पांढरा दोरा, पांढरं बटण. बटण सुईतून कधी निसटून मांडीवर पडलं, आईला कळलंच नव्हतं. नंतर ते उचलून तिने डब्यात टाकलं असणार.

तिसरा काही सापडेना. घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी आईने शर्टांचा ढीग मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि एकेका पट्टीवरून बोट फिरवत गेली. "हा घे."

भिंगरीने तिन्ही बटणं लावली. आईने चाचपडत गठ्ठ्याचं तोंड शिवलं. पाचला मुकादमबाई आल्या, चिठ्ठी वाचली. "अक्षर तुझं का गं? छान!" असं म्हणून त्यांनी नवा गठ्ठा टेकवला. गडद निळे शर्ट, निळीच बटणं. "शुक्रवारपर्यंत."

"होईल," आई म्हणाली.

"सोमवारी," भिंगरी मध्येच म्हणाली. "बटणं या वेळी मी लावणार आहे. माझी शाळा असते."

मुकादमबाईंनी दोघींकडे पाहिलं. "सोमवार म्हणजे सोमवार," म्हणून त्या गेल्या.

दार लागल्यावर भिंगरी आईसमोर बसली. "कधीपासून?"

"काही नाही गं. उजेड कमी पडतो."

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. भिंगरीने डब्यातून बटणं घेतली, पांढऱ्या रुमालावर ठेवली आणि रुमाल आईपुढे धरला. "किती आहेत?"

आईचा हात पुढे आला.

"हात नाही लावायचा."

आई रुमालाकडे बराच वेळ बघत राहिली. एकदा मान डावीकडे कलली, एकदा उजवीकडे. "तीन."

रुमालावर पाच बटणं होती. एरवी गप्प न बसणारी पोर अशी गप्प बसली, तेवढ्यावरूनच आईला कळलं.

तिने रुमालाची घडी केली, लेकीला ताप असतानाही शाळा बुडवू न देणाऱ्या त्या बाईने, आणि खाली बघत विचारलं, "उद्या शाळा बुडवशील? डोळ्यांच्या दवाखान्यात एकटीला भीती वाटते."