तिसरा घाणा

आनग्वो गावच्या जडीबुटी बाजारात ब्येन घराण्याचा काढा डोळे मिटून प्यावा, अशी ख्याती होती. तीन पिढ्या मातीच्या रांजणात औषध उकळत आल्या. सूयुनचा बाप तर मुळ्या कापायलासुद्धा तांब्याची सुरी वापरायचा. सख्ख्या भावाने एकदा काढ्यात लोखंडी झारा बुडवला, तर त्याने अख्खा रांजण गटारात ओतला आणि भावाशी वर्षभर अबोला धरला.

अशा बापाच्या लेकीने लोखंडी कढईत काढा उकळला. एकदाच, पण उकळला. गावातल्या संशोधन संस्थेत काढाघर तिच्याकडे होतं. वसंतसणाच्या आदल्या दिवशी तिथला मोठा रांजण तडकला. दुकानं बंद, आणि प्रयोगशाळेला गाठीवरच्या नव्या काढ्याचा तिसरा घाणा दुसऱ्याच दिवशी हवा होता. सूयुनने खानावळीतली कढई उचलून आणली. काढ्यात हिरडा होता, आणि हिरडा लोखंडाला लागला की काळा पडतो. तासाभरात सगळं शाईसारखं काळंकुट्ट झालं. काळ्या रंगाचं कारण म्हणून वहीत तिने लिहिलं, 'भाजणी जास्त.' अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने इतकं फुसकं खोटं लिहावं, याची तिची तिलाच शरम वाटली आणि तिने ती शरम गिळून टाकली.

वर्षभराने प्रयोगशाळेतला डॉक्टर जी नाचतच काढाघरात आला. मोठा हुशार माणूस, पण चूल कधी पेटवलेली नाही. उस्ताद म्हणून सगळे सूयुनला शिफू म्हणत, तसा तोही म्हणे.

"शिफू, परवानगी आली! तिसरा घाणा सुकवून केलेली पूड पहिल्या बारा रुग्णांना द्यायची. पुड्या वाटूनही झाल्या, सोमवारपासून सुरुवात. यादीत तुमची बहीण सातवी आहे."

सूयुनचे डोळे भरून आले. धाकट्या बहिणीच्या, श्याओमानच्या यकृतात गाठ होती आणि बाकीचे उपाय थकत चालले होते.

"पण हा काढा करतो तरी काय?" तिने विचारलं.

"लोखंडाने मारतो! गाठीच्या पेशीत मोकळं लोखंड वाढलं की तिच्या आवरणातली चरबी जुन्या तेलासारखी खवट होते आणि पेशी फुटते. तुमचा काढा नेमकं तेच घडवतो."

"लोखंड कुठून येतं?"

"पेशीतलंच की. लोखंड धरून ठेवणारं रसायन मी वरून घातलं, तर पेशी वाचल्या. याहून मोठा पुरावा कुठला? बाकीच्या घाण्यांना मात्र तिसऱ्याची सर नाही. हाताचा गुण, शिफू!"

सूयुनला खानावळीतली कढई आठवली. हाताचा कसला, कढईचा गुण! ती स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर जी आधी हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचा थांबला.

दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती. "मातीतल्या घाण्यांपेक्षा या पुडीत लोखंड चाळीस पट आहे. पेशींना मी लोखंडच पाजत होतो. मातीत उकळलेल्या काढ्यात थोडा गुण आहे, शिफू, अगदीच नाही असं नाही. पण त्यावर अजून दोन-तीन वर्षं काम लागेल."

"आणि या पुड्या?"

"काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर लोखंड थेट पडतं. माणसाच्या पोटातून ते गाठीपर्यंत पोचेल याची खात्री नाही. आजारी यकृतात मात्र साचत जाईल. मी संचालकांना लिहून दिलंय."

ते लिहिलेलं संचालक पांगसाहेबांनी कुलूपबंद केलं आणि सूयुनला बोलावलं. चहा स्वतःच्या हाताने ओतला. संचालकाने स्वतः चहा ओतला की समोरच्याने सावध व्हावं, हे तिला तीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं होतं.

"शिफू, पुढचे घाणे मातीत करा. ही बारा माणसं महिनाभर पुड्या घेतील, आम्ही बारीक लक्ष ठेवू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"लक्ष ठेवल्याने लोखंड बाहेर पडतं का, साहेब?"

"यादी फाटली तर बहिणीची इस्पितळातली खाट जाईल. वडिलांच्या नावाला बट्टा लागेल. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"अवलक्षण माझं आहे," सूयुन उठली. "मीच दाखवीन. बाप मरून वीस वर्षं झाली, त्याचं नाव राखायला बारा जित्या माणसांच्या पोटात लोखंड नाही घालणार मी. आणि तो असता, तर हा घाणा सगळ्यांआधी त्यानेच गटारात ओतला असता."

चहाला तिने हातही लावला नाही.

तिथून ती थेट बहिणीकडे गेली. श्याओमानने उमेदीत बसवर तिकिटं फाडली होती. जिभेची धार अजून तशीच होती. ती बाजरीची पेज पीत होती. सूयुनने उभ्याउभ्याच सांगितलं.

"वर्षभर?" श्याओमानने वाडगा आपटला. "दर रविवारी माझ्यासमोर बसून जेवलीस, आणि हे पोटात ठेवून?"

"काळा काढा एवढंच माहीत होतं गं. लोखंड अंगात साचतं हे मला आत्ता कळलं."

"काळा काढा प्रयोगशाळेला दिलास ते माहीत होतं ना? मी सोमवारची वाट बघत होते, ताई. दिवस मोजत होते." तिने तोंड फिरवलं. "जा. माझ्या डोळ्यांसमोरून जा."

सूयुन रस्ताभर रडली. आपणच बहिणीच्या तोंडचा घास काढला असं तिला वाटलं, आणि ते तितकंसं खोटंही नव्हतं. पण घरी येऊन तिने मोठा कागद पसरला आणि शाई घोटली.

सकाळी बाजार भरताना औषधराजाच्या देवळाच्या भिंतीवर ती खळ फासत होती. कागदावर लिहिलं होतं: 'मी ब्येन सूयुन. संस्थेचा तिसरा घाणा मी लोखंडी कढईत उकळला आणि वहीत खोटं लिहिलं. ज्यांना त्या पुड्या मिळाल्यात त्यांनी घेऊ नयेत.'

मुळ्यांची पोती टाकून व्यापारी गोळा झाले. एक म्हातारा थुंकला. "ब्येनच्या घरात लोखंड?"

"हो, लोखंड! मोठ्याने वाचा, काका, मागच्यांना ऐकू जात नाही."

संस्थेच्या शिपायाने कागदाला हात घातला. सूयुन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "आधी मला फाड," ती म्हणाली. शिपाई तिच्याच काढ्याने बरा झालेला; तो मागे सरला.

तेवढ्यात गर्दीतून श्याओमान आली, दर चार पावलांवर थांबत. हातात पुड्यांची पिशवी होती. ती तिने शिपायाच्या पायाशी टाकली आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"अक्षर केवढंसं काढलंयस! समोरच्या दुकानातून कुणाला दिसणार आहे?"

"श्याओमान, घरी चल. वारा आहे."

"माझा राग गेलेला नाही. दे तो कुंचला."

तिने खाली भलीमोठी अक्षरं काढली: 'सातवी रुग्ण, ब्येन श्याओमान. मी घेणार नाही.' मग दम खात ती भिंतीला टेकली. सूयुनने तिच्या कमरेभोवती हात घातला. तिने तो झिडकारला नाही.

गर्दीतून एक खंगलेला माणूस पुढे आला. कानटोपी काढून त्याने कागद दोनदा वाचला.

"यादीतल्या चौथ्याने सही कुठे करायची?" त्याने विचारलं.

श्याओमानने कुंचला शाईत बुडवून त्याच्यापुढे धरला. "माझ्या खाली कर, दादा. अजून दहाजण यायचेत, जरा आटोपशीर लिही."