शिंपीकाकांच्या पोटातली रबरी गाठ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर शिंपीकाका आडवे, आणि त्यांच्या कुशीवरच्या टॉवेलाखाली चमत्कारी बाबांचे दोन्ही हात लालेलाल!

"सुई नाही, सुरी नाही! नुसत्या लहरी!" असं गर्जत बाबांनी लिंबाएवढी गाठ उंच धरली. काय त्या टाळ्या!

दाराशी पोचलेल्या, काकांचं ऑपरेशन करणार असलेल्या सर्जनबाई मात्र गर्दीतून वाट काढू लागल्या. काकांच्या मूत्रपिंडाची गाठ कर्करोगाची, शस्त्रक्रिया उद्यावर आलेली, आणि काकूंचा फोन, "ऑपरेशन नको, बाबाच काढणार आहेत."

बाई तडक मंचावर चढल्या आणि त्यांनी बाबांच्या हातातून गाठ घेतलीच. बाटलीतलं पाणी ओतल्याबरोबर लाल रंग वाहून गेला. आत निघालं पिवळं रबर.

"अहो, ही तर आमच्याकडची! काकांच्या स्कॅनवरून त्यांचं मूत्रपिंड आम्ही थ्रीडी प्रिंटरवर गाठीसकट छापलं होतं. त्यावर मी गाठ कापायचा सराव केला, विद्यार्थ्यांना दाखवला. मग घरच्यांना समजावं म्हणून ती पुन्हा जागेवर शिवून ते मूत्रपिंड काकांच्या भावाकडे दिलं."

सगळ्यांच्या माना भावाकडे वळल्या. तो चाचरला, "मी ते मंतरायला बाबांकडे ठेवलं होतं. आज गाठ अगदी तशीच निघाली, म्हणून तर खात्री पटली! तुम्हीच म्हणाला होतात ना, हुबेहूब आहे?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, तुमचा जन्म टाक्यांत गेलाय. तुम्हीच बघा."

काकांनी चष्मा चढवला. रबरात निळ्या दोऱ्याचे तुकडे अडकले होते.

"सुई नाही म्हणता, बाबा? मग हे शिवलं कशानं?"

"शंकेखोरांपुढे लहरी थांबतात!" बाबा फणकारले आणि मागच्या दाराने सटकले.

काकूंना रडू फुटलं. "मग यांची गाठ?"

"आहे तिथेच आहे. म्हणून तर धावत आले."

काका सदऱ्याची बटणं लावत उठले. "चला बाई. रबरावर हात बसलाय ना?"

"चांगला बसलाय."

मंडळी, श्रद्धा कुठे ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जीव आपल्या माणसाचा असेल, तर आधी चार प्रश्न विचारा. आणि प्रश्न विचारला की जो चिडतो, त्याच्या हाती आपलं पोट देऊ नका.